तिसरी प्रत कुणाकडे?

घरातले फोटो आणि व्हिडिओ कसे सांभाळावेत, हा प्रश्न हल्ली बहुतेक घरांतून दुकानदाराला विचारला जातो. किती मोठी डिस्क घेऊ, कोणत्या कंपनीची घेऊ, किती वर्षे टिकेल. हा प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याला उत्तरेही आहेत. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडला आहे, तो दुकानदाराच्या अखत्यारीतला नाही. डिस्क ज्याच्या कपाटात असते तो त्या चित्रांचा मालक होतो काय? होत नसेल, तर तो कोण?

आपल्या समाजात या प्रश्नाला एक खास अडचण आहे. फोटो काढावा की काढू नये, यावरच आपण शंभर वर्षे वाद घातला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुहू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चित्रांच्या बाजूने मत मांडले. पूजेचा हेतू नसेल तर चित्र हे ज्ञान जतन करण्याचे साधन आहे, असा त्यांचा रोख होता. आपल्याकडच्या अनेक उलेमांना ते पटले नाही. पुढे पासपोर्टला फोटो लागला, हजच्या अर्जाला लागला, मतदार ओळखपत्राला लागला आणि ‘जरूरत’ म्हणून सवलत मिळत गेली. मग कॅमेरा मोबाइलमध्ये आला आणि वाद निकाली न निघता नुसता बाजूला पडला. माझ्या दादीचा एकच फोटो घरात आहे आणि त्यातही तिने पदर तोंडावर ओढून घेतलेला आहे. तिच्या पणतवंडांचे जन्मापासूनचे हजारो फोटो त्यांच्या आईबापांच्या फोनमध्ये आहेत. या घाईत एक गोष्ट राहून गेली. फोटो काढण्याबद्दल आपण भरपूर बोललो, पण काढलेला फोटो कुठे ठेवावा, कुणाला दाखवावा आणि कधी पुसून टाकावा, याचा अदब आपल्या घरांत घडलाच नाही.

आधी नष्ट होण्याबद्दल बोलू, कारण ते सगळ्यांच्या अनुभवाचे आहे.

आमचे घर सांगलीचे. कृष्णेचे पाणी २००५ साली घरात आले, २०१९ साली आले आणि २०२१ सालीही आले. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. लोकांनी धान्य माळ्यावर टाकले, दागिने कमरेला बांधले, शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घातले. अल्बम मात्र पलंगाखालच्या पेटीत राहिले. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत बायका उन्हात अल्बम उघडून बसल्या होत्या. ओला फोटो प्लास्टिकवरून ओढला की त्याच्यावरचा सरसाचा थर चेहऱ्यासकट निघून येतो, हे कुणी त्यांना सांगितलेले नव्हते. असे फोटो स्वच्छ पाण्यात भिजत ठेवून हलक्या हाताने सोडवायचे आणि सावलीत उताणे वाळवायचे असतात. फार असतील आणि लगेच हात लावणे जमणार नसेल, तर सरळ फ्रीजरमध्ये ठेवावेत. हे दोन दिवस आधी कळले असते तर कित्येक घरांतले वडील वाचले असते. मी वडील म्हणतो आहे, कारण त्या बायकाही तसेच म्हणत होत्या. ‘अब्बा गए पानी में’, असे एक जण सांगत होती. तिचे अब्बा जाऊन वीस वर्षे झाली होती.

आखाती देशांत गेलेल्यांची कहाणी वेगळी आहे. कोकणातून आणि आपल्या भागातूनही माणसे कुवेत, दुबई, दम्मामला गेली, तेव्हा पत्राऐवजी कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवण्याची चाल होती. अर्धा तास नवरा बोलणार, दुसरी बाजू कोरी. घरच्यांनी त्याच कोऱ्या बाजूवर उत्तर भरून परत पाठवायचे. टेप महाग म्हणून पुढच्या खेपेला तीच कॅसेट पुन्हा वापरायची. अशा रीतीने कितीतरी घरांनी स्वतःच्याच हाताने जुन्या आवाजावर नवा आवाज चढवला. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा विमानांनी एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीय परत आणले गेले. त्यांतले बहुतेक हातात मावेल तेवढ्या सामानानिशी आले. तिथे मांडलेल्या संसारांचे अल्बम तिथेच राहिले.

हे सगळे कागद-टेपच्या काळातले, आता तसे होत नाही, असे कुणाला वाटेल. होते, आणि जास्त वेगाने होते. कागद भिजला तरी थोडा उरतो. डिस्क बंद पडली की काहीच उरत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. आपल्या तरुण मुलांनी कॉलेजची अख्खी वर्षे तिथे ठेवली होती आणि फोटो उतरवून घ्यायला मिळालेल्या मुदतीत किती जणांनी ते उतरवले? २००० सालच्या सुमारास लग्नाच्या सीडी ‘आता कायमचे झाले’ म्हणून घेतल्या. त्यांतल्या अनेक आज वाचता येत नाहीत, कारण घरी किंवा दुकानात भरलेल्या सीडीचा रासायनिक रंग उडत जातो. कॅसेट चांगली असली तरी ती चालवणारे यंत्र मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. ते बनवणारी ती शेवटची कंपनी होती.

यावरचा इलाज जाणकार तीन शब्दांत सांगतात : तीन, दोन, एक. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर असावी. घराबाहेर म्हणजे दुसऱ्या खोलीत नव्हे. पूर, आग किंवा चोर दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पोचू नये, इतके लांब. सांगलीकराने मिरजेला नव्हे, निदान पुण्याला ठेवावी. फोनमधला फोटो आपोआप इंटरनेटवर चढतो, म्हणजे दुसरी प्रत झाली, असा एक गैरसमज आहे. पुष्कळदा ती प्रत नसून आरसा असतो. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. व्हॉट्सअपवरून आलेला फोटो हीसुद्धा मूळ प्रत नव्हे, तो चिंबवून लहान केलेला असतो. आणि कपाटात ठेवलेली डिस्क सहा महिन्यांतून एकदा लावून, दहा-वीस फोटो उघडून पाहायला हवी. न उघडलेली प्रत ही फक्त समजूत असते.

एवढी धडपड कशासाठी, असे विचारणारे आपल्यातच आहेत. ‘दुनिया फानी आहे, माणसे गेली तिथे त्यांच्या तसबिरी कशाला?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण मला त्याच्यासमोर फातिमा शेख आठवतात. सावित्रीबाई फुल्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. एक जुना फोटो तिचा म्हणून ओळखला जातो. जवळजवळ एवढ्याच आधारावर ही बाई आपल्यापर्यंत पोचली. ९ जानेवारी २०२२ रोजी गुगलने आपल्या पानावर तिचे चित्र दाखवले आणि तीनच वर्षांनी, जानेवारी २०२५मध्ये, अशी कुणी बाई नव्हतीच, ती मनाने रचलेली आहे, असा दावा जाहीरपणे झाला. उत्तर द्यायला पुन्हा तेच पत्र काढावे लागले. ज्या घरात ती राहिली, ज्या नातलगांनी तिला पाहिले, त्यांच्याकडचा एखादा कागद, एखादी नोंद उरली असती तर? ज्यांचा इतिहास दुसरे लिहितात, त्यांच्या घरातली दुसरी प्रत केवळ घरापुरती राहत नाही.

आसामातल्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्या बाहेर राहिली. त्यानंतरच्या हिवाळ्यात आपल्या मोहल्ल्यांतही पेट्या उघडल्या गेल्या, हे वाचकांना आठवत असेल. फोटो हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. पण त्या पेट्यांतून निघालेल्या जुन्या फोटोंच्या पाठीवर शाईने लिहिलेले होते : अमुक साल, मिरज, भाईजानच्या खतन्याच्या वेळी. त्या दोन ओळींवरून घरच्यांनी तारखा जुळवल्या, दाखले कुठे शोधायचे ते ठरवले. आजच्या फोटोला पाठ नसते. तारीख आपोआप पडते, पण माणसाचे नाव आपोआप पडत नाही. चाळीस हजार फोटो आणि एकाही चेहऱ्याला नाव नाही, अशी डिस्क नातवाच्या हाती पडली तर त्याच्यासाठी ती अनोळखी लोकांची जत्रा आहे. वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावे लिहून घेणे, हे काम डिस्क विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

जतन करण्याची ही चिंता आपल्या परंपरेला परकी नाही. यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेली अनेक माणसे मारली गेली, तेव्हा हजरत उमर यांच्या आग्रहावरून हजरत अबू बक्र यांनी झैद बिन साबित यांच्याकडे लिखित संकलनाचे काम सोपवले. पुढे हजरत उस्मान यांनी प्रती करवून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. कुठे अल्लाहचा कलाम आणि कुठे आपल्या पोराच्या वाढदिवसाचा व्हिडिओ! तुलना करण्याचा माझा हेतू नाही. एकाच ठिकाणी ठेवलेले जाते, म्हणून अनेक ठिकाणी ठेवावे, ही सावधगिरी आपल्याला ओळखीची आहे, इतकेच सांगायचे आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हदीसच्या अभ्यासकांचे काम. काय सांगितले, याच्याइतकेच ते कुणी कुणाकडून ऐकले, ही साखळी ते तपासत. सनद नसलेल्या गोष्टीला त्यांच्या लेखी वजन नव्हते. आपल्या घरातल्या प्रतींना अशी सनद असते काय? कोणता व्हिडिओ कुणाच्या घरातून कुणाकडे गेला, हे कुणाला ठाऊक असते?

याचे उत्तर मला एका कॅसेटने शोधायला लावले.

माझ्या खालाच्या मुलीचा निकाह १९९६ साली झाला. ती माझ्याहून मोठी, आम्ही तिला आपा म्हणतो. व्हिडिओवाल्याने तीन तासांची कॅसेट केली होती. लग्न तीन वर्षांत मोडले. पदरी एक मुलगी होती, ती आजोळी वाढली. आपाचे दुसरे लग्न २००३ साली झाले आणि तो संसार चांगला चालला. दरम्यान खालू वारले. खालूंना फोटोचे वावडे होते. हलते-बोलते असे त्यांचे चित्र जगात एकच होते, त्या कॅसेटमध्ये. मुलीच्या बाजूने संमती देताना ते काझींसमोर बसले आहेत, आणि रुखसतीच्या वेळी दाराशी उभे राहून रुमालाने चष्मा पुसत आहेत. कॅसेटला बुरशी धरू लागली होती, म्हणून २०११ साली एका भाच्याने ती संगणकावर उतरवली आणि शहाण्या माणसासारख्या तीन प्रती केल्या. एक खालाकडे, एक माझ्याकडे, एक दोह्यात नोकरी करणाऱ्या आपाच्या भावाकडे. तीन, दोन, एक. अगदी पाठ दिल्यासारखे.

तीन वर्षांनी आपा माझ्याकडे आली. दुसऱ्या संसारातली मुले मोठी होत होती. कुणाच्या तरी घरी कौतुकाने ते लग्न टीव्हीवर लागेल आणि तिची मुले समोर बसलेली असतील, या भीतीने तिला झोप येत नव्हती. ती म्हणाली, ‘मेरी शादी है, मैंच बोलती मिटा दो।’ खालाचे म्हणणे, त्यात माझा नवरा आहे, तो मी मिटू देणार नाही.

दोघीही खऱ्या होत्या. यात चूक कुणाची, असा प्रश्नच नव्हता. प्रश्न हा होता की, एका चित्रात दोन माणसे असतील आणि एकाला विसरायचे असेल, दुसऱ्याला आठवायचे असेल, तर हक्क कुणाचा मोठा? त्यातही एक हक्कदार मयत आहे. जिवंतपणी ज्यांनी कॅमेरा टाळला, त्या खालूंना आपले चित्र राहावे असे वाटले असते काय, हेही कुणी सांगू शकत नव्हते.

मला त्या वेळी जे योग्य वाटले आणि आजही वाटते, ते असे. डिस्क सांभाळणारा हा मालक नव्हे, अमीन आहे. अमानतीत माल ज्याचा, शब्द त्याचा. चित्रातल्या जिवंत माणसाचा शब्द चित्र बाळगणाऱ्याच्या हौसेपेक्षा मोठा. माणसाच्या अमलांची नोंद फरिश्ते ठेवतात, ही आपली श्रद्धा. पण त्या नोंदीतही तौबाने पुसले जाण्याची वाट ठेवलेली आहे. तिथे जी सवलत आहे, ती आपल्या हार्ड डिस्कने का नाकारावी? दुसऱ्याची झाकली मूठ झाकलेलीच ठेवण्याची शिकवण आपल्याला आहे आणि डिस्क ही आजची सगळ्यात मोठी मूठ आहे. म्हणून मी खालूंचे तुकडे वेगळे काढले. सगळे मिळून अकरा मिनिटे भरली. तेवढीच खालाजवळ राहिली. बाकीचे तिच्या आणि माझ्या प्रतीतून आपाच्या समोर पुसले. मूळ कॅसेट तिने स्वतः फोडली. दोह्याच्या भावाने ‘मिटा दूँगा’ असे कळवले. मिटवल्याचे त्याने कधी कळवले नाही.

तेव्हापासून मी एक वही घातली आहे. कोणती चित्रफीत, कुणाकडून आली, कुणाला दिली, त्यातले कोण नको म्हणाले. दोह्याच्या प्रतीपुढे ‘खात्री नाही’ असे लिहिले आहे. बॅकअपचे सगळे शास्त्र प्रती वाढवायला सांगते. वाढलेल्या प्रती परत कशा बोलवायच्या, हे त्यात नाही. म्हणून प्रत देतानाच वहीत नोंद हवी, असे मला वाटते.

बायकांच्या बाबतीत तर फारच. घरातली डिस्क बहुधा घरातल्या कुणा तरुण मुलाच्या ताब्यात असते, कारण त्याला ‘त्यातले कळते’. त्यात बहिणींचे, भावजयींचे, घरात निःसंकोच वावरतानाचे फोटो असतात. त्यांना कुणी विचारलेले नसते. दुरुस्तीला डिस्क दुकानात जाते, तेव्हाही विचारलेले नसते. जुलै २०२१मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ला ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुसलमान स्त्रियांचे फोटो लिलावाला मांडण्याचा जो विकृत प्रकार झाला, तो समाजमाध्यमांवरून उचललेल्या फोटोंचा होता. त्यावर मुलींनी फोटोच काढू नयेत, असा निष्कर्ष काढणारे वडील मी पाहिले. लाज लिलाव करणाऱ्यांनी बाळगायची की त्या मुलींनी? आपल्या हातात आहे ते करावे. डिस्कला कुलूप घालावे, म्हणजे संकेतशब्दाशिवाय ती उघडणार नाही अशी करावी, आणि तो शब्द घरातल्या निदान एका बाईला ठाऊक असावा. आपल्या फोटोंचे काय होते, हे पाहण्याची सोय ज्यांचे फोटो आहेत त्यांना मिळायला हवी.

इंटरनेटवर ठेवलेल्या प्रतीबद्दल थोडेच. ती ठेवावी; पुरातून तीच वाचते. पण ती दुसऱ्याच्या घरी ठेवलेली वस्तू आहे आणि घरमालक अटी बदलतो. गुगलने फोटोंची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१पासून बंद केली. दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे धोरण २०२३च्या डिसेंबरपासून लागू झाले. माणूस वारला, फोन कुलूपबंद, संकेतशब्द कुणाला माहीत नाही. इद्दत संपते, बरसी होते, दुसरी बरसी होते आणि खाते जाते. आपल्या पश्चात खाते कुणाच्या स्वाधीन करावे, हे आधी नोंदवण्याची सोय गुगलने आणि ॲपलने केलेली आहे. ती कोण वापरतो? मिरासच्या कायद्यात घराचा, शेताचा, सोन्याचा वाटा ठरलेला आहे. चित्रांचा वाटा कसा करणार? पण देणी आणि अमानती वसीयतीत लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. डिस्क कुठे आहे, कुणाची कोणती चित्रे तिच्यात आहेत, काय कुणाला दाखवू नये, ही ओळ तिथे लिहिता येईल. मी ती लिहिली आहे.

वहीने सगळे सुटते असे मात्र नाही. आपाच्या पहिल्या लग्नाची मुलगी आता सत्तावीस वर्षांची आहे. तिचा बाप गेल्या वर्षी वारला. तो निघून गेला तेव्हा ती दुधावर होती. त्याचा चेहरा तिला आठवत नाही आणि त्याच्या घरच्यांशी आपला संबंध नाही. गेल्या रमजानमध्ये तिने मला विचारले, ‘मामू, अम्मीच्या निकाहची एक कॅसेट होती म्हणे. तुमच्याकडे आहे?’ मी नाही म्हटले, ते खरे होते. मग तिने विचारले, आणखी कुणाकडे असेल का?

आपाने नको म्हटले तेव्हा तिच्या मुलांचा विचार करूनच म्हटले होते. ही मुलगीही तिचेच मूल आहे. चित्रातला बाप हिचा, चित्रातली आई हिची. आपाच्या हक्कासमोर हिचा हक्क किती? मी तिला म्हणालो, तुझ्या अम्मीला विचार. ती म्हणाली, अम्मीला विचारणे मला जमणार नाही, तुम्ही विचारा. आपा पुढच्या महिन्यात माहेरी येणार आहे. तोवर मी दोह्याला फोन केलेला नाही.